बानाखत झालं म्हणजे घर झालं का? घराच्या कागदांवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात वारसाईवर दोन ओळी काय लिहिल्या, तुमच्या पत्रांचा आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा नुसता ढीग पडलाय. सगळे वाचले. गोंधळ बहुतेकांचा एकच दिसतो. हातात एखादा कागद आला की तोच बाकीच्या सगळ्या कागदांचं काम करेल असं आपल्याला वाटतं. टॅक्स बिलावर नाव आहे म्हणजे मालक, शेअर सर्टिफिकेट आहे म्हणजे मालक, बानाखत झालंय म्हणजे मालक. प्रत्येक कागदाचं काम वेगळं असतं हो. म्हणून यावेळी काही उत्तरं "नाही" नेच सुरू होतायत, राग मानू नका.

वडोदऱ्यात मांजलपूरला एका टेनामेंटचा (सोसायटीतल्या स्वतंत्र घराचा) सौदा 62 लाखात ठरला. 5 लाख चेकने दिले, नोटरीकडे बानाखतही केलं. आता मालक म्हणतोय तुमचे पैसे परत घ्या, दुसरी पार्टी 68 देतेय. पण बानाखत झालंय म्हणजे घर आमचंच ना?

नाही. बानाखत म्हणजे "मी तुम्हाला विकीन" असा करार, विक्री नव्हे. 1882 च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी कायद्याचं कलम 54 अगदी साध्या शब्दात सांगतं की नुसत्या विक्री कराराने मिळकतीत कसलाही हक्क तयार होत नाही, हक्क येतो सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या विक्रीच्या दस्तावेजानेच.

पण म्हणून तुम्ही रिकाम्या हाताने बसलायत असंही नाही. करार मोडणाऱ्याला "ठरल्याप्रमाणे दस्तावेज करून दे" असं सांगायला दिवाणी कोर्टात जाता येतं, आणि 2018 ला कायदा बदलल्यापासून अशा दाव्यात कोर्टाची मर्जी पूर्वीइतकी राहिलेली नाही, करार खरा असेल आणि तुमची बाजू नीट असेल तर कोर्टाला तो पाळायला लावावाच लागतो. बाजू नीट म्हणजे काय, तर उरलेले 57 लाख द्यायला तुम्ही पहिल्या दिवसापासून तयार होतात हे दाखवायला लागतं. तोंडी नाही चालत. बँकेचं लोन सँक्शनचं पत्र, खात्यातली शिल्लक, मालकाला पाठवलेले मेसेज, सगळं जपून ठेवा. आजच वकिलामार्फत नोटीस पाठवा, आणि मालकाने परतीचा चेक पाठवला तर हौसेने खात्यात भरू नका, भरलात की सौदा मोडायला तुम्ही राजी झालात असं तो म्हणणार. दावा टाकायची मुदत तीन वर्षं, करारात दस्तावेजाची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नाहीतर त्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून. दावा टाकलात तर दाव्याची नोटीस सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून घ्यायला वकिलांना सांगा, म्हणजे तो 68 वाला उद्या "मला काय माहीत" म्हणू शकणार नाही.

आणि बाकीच्या वाचकांसाठी, बानाखत नोटरीकडे न करता सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. पुढचा माणूस सर्च (सब-रजिस्ट्रारकडच्या जुन्या नोंदींचा शोध) काढतो तेव्हा नोंदवलेलं बानाखत त्यात दिसतं, नोटरीच्या वहीतलं दिसत नाही. चार पैसे वाचवायला लोक नोटरीकडे जातात आणि मग माझ्याकडे येतात.

टायटल क्लियर म्हणजे नक्की काय बघतात? दलाल म्हणतो सगळं क्लियर आहे.

दलालाला सगळंच क्लियर दिसतं, त्याची दलाली दस्तावेजाच्या दिवशी मिळते ने!

टायटल म्हणजे साखळी. आजचा मालक कुणाकडून, तो कुणाकडून, असं मागे मागे जायचं, साधारण तीस वर्षं. मधली एक जरी कडी तुटली (भावाने भावाला तोंडी दिलं, आजोबा गेले आणि वारसाई एन्ट्रीच पडली नाही, सोसायटीने दोघांना एकच प्लॉट दिला) तर तिथे थांबायचं. यासाठी इंडेक्स 2 चे (नोंदवलेल्या दस्तावेजांच्या सूचीचे) उतारे, शहरात असेल तर सिटी सर्वेचं प्रॉपर्टी कार्ड, जमीन पूर्वी शेतीची असेल तर 7/12 आणि जुन्या फेरफार नोंदी, एनएचा (बिनशेतीचा) हुकूम, आणि जमीन जुन्या शरतीची की नव्या शरतीची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) ते. नवी शरत असेल आणि प्रीमियम भरलेला नसेल तर पुढचे सगळे दस्तावेज लटकलेले असू शकतात. मग वकील पेपरात जाहीर नोटीस देतात, कुणाचा हक्क असेल तर इतक्या दिवसात कळवा म्हणून. नोटीस देऊन गप्प बसलं की झालं असं नाही, पण पुढे वाद आला तर तुम्ही चौकशी केली होती हे तरी दिसतं.

यात लोक एक गोष्ट हमखास सोडतात ती म्हणजे टीपी स्कीम. वडोदऱ्यात कितीतरी भाग नगर रचना योजनेत आलेत, त्यामुळे जुना सर्वे नंबर वेगळा आणि फायनल प्लॉट नंबर वेगळा, जागाही कधी थोडी सरकलेली. जुन्या दस्तावेजात सर्वे नंबर असतो, कार्डावर एफपी नंबर, आणि दोघांचा मेळ कुणी घातलेलाच नसतो. माझ्याकडे एक फाइल आली होती, दस्तावेजात लिहिलेलं पूर्वेला सोसायटीचा रस्ता. मी सकाळी चहाच्या वेळेला जागेवर जाऊन उभी राहिले तर पूर्वेला शेजारच्या बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी, आतून कुकरची शिट्टी! तीन फुटाची पट्टी शेजाऱ्याने केव्हाच आत घेतली होती आणि मालकाला ठाऊक होतं. विकणाऱ्याला मिळकतीतली लपलेली खोट सांगावी लागते असं कायदा म्हणतो, पण ती सांगून घ्यायला आपणही टेप घेऊन जायचं. चारी बाजूंच्या हद्दी दस्तावेजात वाचायच्या आणि मग जाऊन बघायच्या.

विश्वामित्रीचं पाणी मात्र कुठल्याच कागदात लिहिलेलं नसतं. ऑगस्ट 2024 च्या पुरानंतर नदीच्या जवळपासचं घर बघायला गेलात आणि भिंतीला खालच्या चार फुटापर्यंतच ताजा रंग दिसला तर शेजारच्या काकांना विचारा, ते बोट दाखवून सांगतील पाणी कुठपर्यंत आलं होतं.

शहरातल्या जुन्या भागातलं वडिलोपार्जित घर विकायचंय. घेणारेही मराठीच, आमच्याच नात्यातले. तरी अशांत धाऱ्याची परवानगी लागते का हो?

अशांत धारा म्हणजे सरकारने अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागांत मिळकत विकण्याआधी कलेक्टरची परवानगी घ्या असं सांगणारा गुजरातचा कायदा. तुमचा भाग त्या यादीत असेल तर लागते. नातं, जात, धर्म काही असो, 1991 चा तो कायदा विक्रीला लागतो, माणसाला नाही. लोकांना वाटतं दोन्ही पार्ट्या एकाच धर्माच्या असल्या की सूट, तसं काही नाही. कलेक्टरकडे अर्ज जातो, चौकशी होते, शेजारपाजाऱ्यांचं विचारतात, पोलिसांचा अभिप्राय येतो, त्यात वेळ जातो. परवानगीशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही. म्हणून बानाखतातच लिहा की दस्तावेजाची मुदत परवानगी मिळाल्या दिवसापासून मोजायची, नाहीतर तिकडे अर्ज पडून राहतो आणि इकडे तीन महिने संपले म्हणून मालक बाना (आगाऊ दिलेले पैसे) जप्त करतो. कुठला भाग यादीत आहे ते वेळोवेळी बदलतं, मुदती वाढतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका, चालू जाहीरनामाच बघा.

बाबा गेले, मृत्युपत्र नाही. घर बाबांच्या एकट्याच्या नावावर. आई, मी आणि दोन बहिणी. बहिणींनी "आम्हाला काही नको, तूच घे" असं सांगितलंय, घरातल्या सगळ्यांसमोर. सोसायटीत नॉमिनी मी आहे. मग मी विकू शकतो ना?

एकट्याने नाही. बाबांची स्वतःची मिळकत, मृत्युपत्र नाही, म्हणजे आई, तुम्ही आणि दोन्ही बहिणी असे चार सारखे हिस्से. (आजी हयात असतील तर त्यांचाही, पाच.) नॉमिनी म्हणजे सोसायटीने कुणाशी बोलायचं त्याचं नाव, मालकाचं नव्हे. हे मी महिन्यातून चार वेळा सांगते आणि चारही वेळा समोरचा माझ्याकडे मीच काहीतरी चुकीचं सांगतेय अशा नजरेने बघतो.

बहिणींचं मन मोठं आहे, छान आहे, पण तोंडी सोडलेला हक्क सुटत नाही. हक्क कमी करायचा तर रिलीज डीड (हक्कसोड पत्र) लिहून सब-रजिस्ट्रारकडे नोंदवायला लागतं. नाहीतर दुसरा सोपा रस्ता, दस्तावेजावर चौघांनीही विकणार म्हणून सह्या करायच्या आणि पैसे आल्यावर बहिणींना द्यायचेत की नाही ते घरात ठरवा. मला दुसराच जास्त आवडतो. घेणाऱ्याच्या वकिलालाही तोच आवडतो, कारण त्यात कुणी मागून उठत नाही. पेढीनामा (वंशावळ) तलाठ्याकडून काढा, मृत्यूचा दाखला लावा, आधी वारसाई एन्ट्री पाडा, मग बानाखत. क्रम उलटा केलात तर बाना घेतलेला असतो आणि एन्ट्री अडकलेली असते.

एखादा वारस अठराच्या आतला असेल, म्हणजे समजा एखादी बहीण आधीच गेली आणि तिची मुलं लहान आहेत, तर त्यांच्या हिश्शासाठी कोर्टाची परवानगी काढायला लागेल. हे काम लांबतं. पण टाळलंत तर तो मुलगा मोठा झाल्यावर व्यवहार रद्द करून मागू शकतो, आणि तेव्हा बिचारा तिसराच कुणीतरी त्या घरात राहत असतो.

मुलगा न्यू जर्सीला आहे, फ्लॅट त्याच्या नावावर. मी पॉवर ऑफ अटर्नी (मुखत्यारपत्र) घेऊन विकू शकते?

हो, पण पॉवर नीट हवी. तिथल्या भारतीय वकिलातीत त्याने सही करायची, किंवा तिथल्या नोटरीकडे करून अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून घ्यायची, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला स्टॅम्प भरायचा. कुरिअर आलं आणि तुम्ही ते देवघराच्या खणात ठेवून दिलंत असं नको. पॉवरमध्ये "विकण्याचा, दस्तावेजावर सही करण्याचा, सब-रजिस्ट्रारसमोर कबुली देण्याचा" अधिकार स्पष्ट लिहिलेला असू द्या, फ्लॅटच्या पूर्ण वर्णनासकट. पॉवर देणारा गेला की साधी पॉवरही गेली, हेही लक्षात असू द्या.

आता याच्याच उलट बाजूने एका वाचकाने विचारलंय की दलाल पॉवरवरच घर घ्या म्हणतो, स्टॅम्प वाचेल. अजिबात नको! पॉवर, बानाखत आणि मृत्युपत्र असं त्रिकूट करून घर "विकण्याची" पद्धत सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात धुऊन काढलीय, त्याने मालकी येत नाही म्हणजे नाही.

आणि मुलगा अनिवासी असल्यामुळे घेणाऱ्याने टीडीएस एक टक्का कापून चालणार नाही, परदेशी राहणाऱ्याकडून घेताना दर बराच जास्त असतो. मुलाने कमी दराने कापण्याचं सर्टिफिकेट इन्कम टॅक्सकडून आधी काढून ठेवलं तर पैसे अडकत नाहीत. सीएला दस्तावेजाच्या आदल्या दिवशी नाही, बानाखताच्या आधी फोन करा.

दस्तावेजाला एकूण खर्च किती? आणि जंत्री (सरकारने ठरवलेला दर) कमी आहे म्हणून दस्तावेजात 60 च्या जागी 40 लिहूया असं मालक म्हणतोय, बाकी रोख.

गुजरातमध्ये स्टॅम्प ड्युटी 4.9 टक्के आणि रजिस्ट्रेशन फी 1 टक्का. 60 लाखाच्या घराला स्टॅम्प 2 लाख 94 हजार आणि फी 60 हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलंत तर ती एक टक्का फी माफ, म्हणजे 60 हजार वाचले. नवऱ्याचंही नाव घातलं की माफी गेली. ते नाव घालायचं की नाही हा तुमचा घरातला प्रश्न, मी त्यात पडत नाही. याशिवाय वकील, सर्च, सोसायटीची ट्रान्सफर फी. आणि किंमत 50 लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने 1 टक्का टीडीएस कापून ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून 30 दिवसात भरायचा, हा खर्च नाही, मालकाच्याच पैशातून जातो, पण भरला नाही तर दंड तुम्हाला.

आता 40 चं. ड्युटी दस्तावेजातली किंमत आणि जंत्री यातल्या जास्तीवर लागते, आणि जंत्री एप्रिल 2023 पासून जवळजवळ दुप्पट झालीय, त्यामुळे वाचणार किती ते आधी मोजा. दुसरं, मिळकतीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतली तेवढाच दंड रोख घेणाऱ्यावर, म्हणजे मालकावर, बसू शकतो. तिसरं, उद्या तुम्ही हेच घर 80 ला विकाल तेव्हा तुमची खरेदी 40 चीच धरणार, म्हणजे आज मालकाचा टॅक्स वाचवून उद्या तो तुम्ही भरणार. बँक लोनही 40 च्या हिशेबानेच देईल. आणि सौदा फिसकटला तर ते 20 कुणाकडे मागणार? पिशवीतून दिलेल्या पैशाची पावती नसते.

बिल्डरकडून फ्लॅट घेतोय, तो म्हणतो आधी 25 टक्के भरा मग करार.

रेरा कायद्यात करार नोंदवण्याआधी 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. त्याला एवढंच सांगा, लगेच करार तयार होईल. ताबा घेताना बीयू परमिशन (इमारत वापरायचा परवाना) मागा, ती आल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी नाही, त्याआधी घेतलेल्याला आहे.

जुनं घर विकून आलेल्या पैशावर टॅक्स किती?

दोन वर्षांच्या वर ठेवलेलं घर असेल तर नफ्यावर 12.5 टक्के. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असेल तर महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्के असाही हिशेब करून बघायचा आणि कमी येईल तो भरायचा. विकण्याच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर सूट. 2001 च्या आधीचं घर असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, त्यासाठी व्हॅल्युअरचा रिपोर्ट काढून घ्या. बाकी सीए.

दस्तावेज झाला, फोटो झाले, अंगठे झाले. आता काय?

आता अर्धं काम! खरंच सांगते, लोक सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून पेढे घेऊन घरी जातात आणि फाइल कपाटात. सिटी सर्वेला नाव चढवा (नाहीतर दहा वर्षांनी विकताना कार्डावर आधीच्याच मालकाचं नाव निघतं आणि तो तोवर कुठे गेलाय कुणास ठाऊक), कॉर्पोरेशनच्या टॅक्स बिलावर नाव, लाइट बिलावर नाव, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट ट्रान्सफर. दस्तावेजाच्या दिवसापर्यंतचा टॅक्स आणि मेंटेनन्स मालकाचा, ते बाकी नाही याची पावती त्याच दिवशी घ्या. नाव चढवण्याची ही सगळी कामं नोंदीची आहेत, नाव चढल्याने मालकी येत नाही आणि न चढल्याने जात नाही, पण न चढवल्याचा त्रास मात्र तुम्हालाच होतो. मालकाचं लोन होतं का? असेल तर बँकेचं नोड्यू (काही बाकी नसल्याचा दाखला) आणि बोजा कमी झाल्याची नोंद दोन्ही हवेत. लोन फिटल्यावर 30 दिवसात बँकेने मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. मालक "बँकेत कागद सापडत नाहीयेत" म्हणाला तर त्याला हा नियम दाखवा.

पुराच्या पाण्यात आमचा मूळ दस्तावेज भिजला. पानं चिकटलीत, स्टॅम्पची शाई पसरलीय. घर गेलं का आमचं?

नाही हो, घर नाही गेलं. या प्रश्नावर मात्र "नाही" ऐकून बरं वाटेल.

2024 च्या पुरानंतर माझ्या टेबलावर असे कितीतरी कागद आले. एका काकूंनी पानं पंख्याखाली वाळवून मग जुन्या साडीच्या कापडात घालून मंद इस्त्री केली होती, निळी शाई दुसऱ्या पानावर उमटलेली, पण दस्तावेजाचा नंबर आणि साल वाचता येत होतं, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. नोंदवलेल्या दस्तावेजाची नक्कल सब-रजिस्ट्रारकडे असते. नंबर, साल, दोन्ही पार्ट्यांची नावं घेऊन अर्ज करा, सही-शिक्क्याची सर्टिफाइड कॉपी मिळते, आणि त्यात काय लिहिलं होतं हे सिद्ध करायला ती कोर्टात चालते. नंबर वाचता येत नसेल तर इंडेक्समध्ये नावावरून शोधतात, थोडा वेळ लागतो. मूळ पूर्ण वाहून गेला असेल तर पोलिसात हरवल्याची नोंद आणि पेपरात नोटीस तेवढी वाढते, कारण विकताना घेणाऱ्याला शंका येते की मूळ कागद कुठल्या सावकाराकडे गहाण तर नाही. भिजलेला मूळ कागद टाकून देऊ नका मात्र, तो तसाच एका पाकिटात ठेवा, हाताळू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका.